लवकर बंद पडणारं घड्याळ

कणीक भिजवून झाकून ठेवली होती. भाजी फोडणीला टाकली आणि मळायला परातीत हात घातला, तर बोटांना काहीतरी कडक लागलं. खडा म्हणावा तर एवढा मोठा खडा कुठल्या गव्हात असतो? ओढून काढलं, तर घड्याळ. स्टीलचं, जाडजूड, पुरुषी. सगळं कणकेनं लडबडलेलं, आणि चालू.

मी ओरडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "काढू नका! अजून सात मिनिटं आहेत!"

दारात सोनवणे काका. हातात रजिस्टर, कानावर पेन.

"काका, कणकेत घड्याळ?"

"चाचणी चालू आहे. पाण्याची झाली, पडण्याची झाली. ही कणकेची."

"आणि ही कणीक आता खाणार कोण?"

"मी. चाचणी माझी, माल माझा."

आणि खरंच, त्या कणकेच्या पाच पोळ्या काकांनी एकट्यांनी खाल्ल्या. शेवटचा घास गिळून म्हणाले, "पोळीत फरक नाही. घड्याळात फरक नाही. दोन्ही पास."

वारज्याला सोनवण्यांकडे मी सकाळचा स्वयंपाक करते, त्याला सहा वर्षं झाली. मी फार बोलणारी नाही. पण त्या घरात आपण बोललो नाही तरी चालतं, ऐकायलाच पुष्कळ असतं.

काका सरकारी वर्कशॉपात माल तपासायला होते. बाहेरून आलेला नट असो, पत्रा असो, रंगाचा डबा असो, काकांनी ठोकून, वाकवून, भिजवून बघितल्याशिवाय आत जात नसे. "तपासल्याशिवाय सही नाही," हे त्यांचं वाक्य. चौतीस वर्षं हेच केलं. मग नोकरी संपली, तपासणी राहिली. आता घरात जे येईल ते एक तर पास, नाही तर नापास, नाही तर 'शेरा मारून पास'. वांगी बादलीत सोडून बघायची, तरंगतं कोण, बुडतं कोण. स्टीलचा डबा घेताना दुकानात पाणी भरून उलटा धरायचा. एकदा छत्री घ्यायला गेले आणि दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागितलं. त्यानं बिचाऱ्यानं प्यायला म्हणून दिलं. काकांनी छत्री उघडून मुलाखतीला बसवावं तसं त्यालाच खाली बसवलं आणि वरून तांब्या ओतला. दुकानदार कोरडा राहिला म्हणून छत्री घेतली.

माझ्या पहिल्या दिवशी माझी पोळी त्यांनी खिडकीशी उजेडात धरली होती. "कडा पास. मध्यभागी शेरा." मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी जाऊच नये असं मनात आलं. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "मंदा, घाबरू नकोस. मला इथे चाळीस वर्षं झाली, अजून माझ्यावरही सही नाही. मला बघायला आले तेव्हा पोहे दोनदा मागवले. एका नमुन्यावर ठरवता येत नाही म्हणे!"

सुशीलाकाकू म्हणजे काकांच्या वरताण. काका एक बोलले की यांचं उत्तर तयार. साडीला फॉल लावायचं, पिको करायचं काम घरीच करायच्या. अख्ख्या सोसायटीच्या साड्या त्यांच्या मशीनखालून गेलेल्या. उजव्या हातानं चाक, डाव्या हातानं कापड सरकवायचं, आणि तोंडानं काकांशी भांडण. तिन्ही एकदम, एक टाका वाकडा जात नसे.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांना झटका आला. बोलणं आठवड्यात परत आलं, पायही सावरला. डावा हात मात्र राहिला. डॉक्टर म्हणाले, हात वापराल तर येईल, नाही वापरलात तर आखडेल. पिळायला एक रबरी चेंडू दिला. काकूंनी तो कपाटात टाकला. "मी काय लहान मूल आहे चेंडू खेळायला?" मशीनवर चादर घातली. कुणी साडी घेऊन आलं की दारातूनच सांगायच्या, "बंद आहे." हात पदराखाली झाकून बसायच्या. जाता-येता तो चौकटीला आपटायचा, ओट्याला आपटायचा, त्यांना कळायचंही नाही. निळे डाग पडायचे, ते मला आधी दिसायचे.

हा हात परत येईल का, एवढी एकच गोष्ट त्या घरात सगळ्यांच्या मनात होती आणि तीच कुणी बोलत नव्हतं.

घड्याळाचं निघालं ते अमोलमुळे. अमोल त्यांचा मुलगा, हिंजवडीला कंपनीत आहे, तिकडेच राहतो, रविवारी येतो. आईसाठी एक काळं चौकोनी घड्याळ घेऊन आला.

"आई, हे बघ. स्टेप्स काउंट करतं, हार्ट रेट दाखवतं. तू पडलीस ना, तर मला डायरेक्ट अलर्ट येतो."

"मी पडले तर मीच ओरडेन. हिंजवडीहून येईपर्यंत तुला ट्रॅफिकात दीड तास," काकू म्हणाल्या.

काकांनी घड्याळ उलटंपालटं केलं. "हात हलवला नाही तर?"

"तरी चालतं ना बाबा. बॅटरी आहे. फक्त दोन दिवसांनी चार्ज करायचं."

"मग नापास."

"अहो बाबा, व्हॉट इज द प्रॉब्लेम?"

"बॅटरी. बॅटरी असली की हाताला काम नाही."

अमोल वैतागला. "तुम्हाला हात हलवल्यावर चालणारं पाहिजे ना? मग जुन्या काळची ऑटोमॅटिक यायची, ती घ्या!"

तो रागानं बोलला, पण काकांनी जेवता जेवता चमचा खाली ठेवला. मला वाटलं भाजी नापास झाली.

पुढचा महिनाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. रजिस्टरात लिहिलं होतं: सेल नको. चार्जिंग नको. आपटलं तरी फुटू नये. पाणी, पीठ, तेल चालावं. एका हातानं घालता यावं. पेन्शनीत बसावं. लक्ष्मी रोडची दुकानं झाली, मॉल झाला. सगळीकडे नापास. शेवटी कुणीतरी कसब्यातल्या एका जुन्या घड्याळजीचं नाव सांगितलं. मला त्याच गल्लीत पातेल्यांना कल्हई करून घ्यायची होती, म्हणून मीही बसनं बरोबर गेले.

दुकान कसलं, कपाटच ते. आत एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसलेले. मान वर न करता म्हणाले, "काय दाखवू?"

"सेल नको," काका म्हणाले.

"किल्लीचं आहे. रोज किल्ली द्या, जन्मभर चालेल."

"किल्ली कुठल्या हातानं द्यायची?"

"ज्या हातात घड्याळ नाही त्या. दुसरी सोय अजून निघालेली नाही."

"म्हणजे उजव्या. नापास."

गृहस्थांनी दुसरं काढलं. "हे उन्हावर चालतं. नुसतं खिडकीत ठेवलं तरी पुरे."

"हात न हलवता?"

"हात घरी ठेवून आलात तरी चालेल."

"नापास."

तिसरं काढलं. "हे ऑटोमॅटिक. हात हलतो तसं आतलं वजन फिरतं, किल्ली आपोआप मिळते. काढून ठेवलंत तरी तीन दिवस थांबत नाही."

"तीन दिवस? कमी चालणारं नाही का?"

आता गृहस्थांनी भिंग काढलं. काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पातेल्यांकडे पाहिलं.

"या गल्लीत आमची तिसरी पिढी. जास्त चालणारं घड्याळ मागणारे सगळे पाहिले. बंद पडणारं मागणारे आपण पहिले."

"हात थांबला की थांबलं पाहिजे. लबाडी नको."

"मग ते वर टांगलंय ते न्या. ते थांबलेलंच आहे. त्रास नाही."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. पण काका हसले नाहीत. ते म्हणाले, "आमच्या मंडळींचा डावा हात दिवाळीपासून संपावर आहे. व्यायाम कर म्हटलं तर करत नाही. चेंडू दिला तर कपाटात. पण आपल्या हातानं एखादी वस्तू बंद पडली, हे तिला चालायचं नाही. मी तिला ओळखतो. म्हणून म्हटलं."

गृहस्थांनी समोरची तिन्ही घड्याळं बाजूला सारली. मग खालचा खण ओढून, मागे हात घालून त्यांनी एक घड्याळ काढलं. स्टीलचं, मोठ्या आकड्यांचं.

"हे दणकट आहे. पाण्यात चालेल, जमिनीवर आपटा. पण जेमतेम दीड दिवस टिकतं. रोज नीट हलवलं नाही तर थांबतं. लोक परत आणून देतात."

"परत आणून देतात?" काकांचा चेहरा असा उजळला की बस! "हेच! हेच द्या!"

गृहस्थांनी चामड्याचा पट्टा काढून ताणला जाणारा स्टीलचा पट्टा बसवून दिला, एका हातानं चढवता येईल असा. आम्ही निघालो तर मागून म्हणाले, "बंद पडलं तर तक्रार घेऊन येऊ नका. आणि चालू राहिलं तर सांगायला या."

मग घरी आल्यावर त्या चाचण्या. बादली झाली, गच्चीच्या जिन्यावरून पाडणं झालं, कणीक झाली. मग ते काकूंसमोर ठेवलं.

"सेहेचाळीस वर्षांत घड्याळ आणलंत ते आत्ता," काकू म्हणाल्या. "तेही हात गेल्यावर. आणि हे घड्याळ आहे की कढईचं झाकण?"

"पंधरा दिवस चाचणी. नको वाटलं तर परत."

काकूंनी कटकट करत घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काटे थांबलेले. काकू जिंकल्यासारख्या म्हणाल्या, "घ्या! तुमचा माल नापास."

काकांनी शांतपणे रजिस्टर उघडलं, काहीतरी लिहिलं आणि टेबलावर तसंच उघडं ठेवून अंघोळीला गेले. काकूंनी चष्मा लावून वाचलं. मोठ्यानं वाचलं, म्हणून मला कळलं.

"माल चांगला. चालक नापास."

"चालक नापास?" काकू बाथरूमच्या दारावर जाऊन थडकल्या. "अहो इन्स्पेक्टर! चालक नापास? मी? हजारो साड्या या हाताखालून गेल्यात! बाहेर या आधी!"

आतून नळाचा आवाज वाढला.

"मंदा," काकू वळून मला म्हणाल्या, "ती परात आण इकडे."

त्या दिवसापासून कणीक काकू मळायला लागल्या. डाव्या हातानं. आधी नुसता हात ओझ्यासारखा टाकायच्या. परात सरकायची, पीठ जमिनीवर. मग मी परात दोन्ही पायांनी धरून बसायचे. माझी पोळ्यांची वेळ अर्ध्या तासानं लांबली, पण ती मजा मी सोडली नसती. टीव्ही बघताना हात पुढे-मागे, भाजी निवडताना हात पुढे-मागे. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काकू, डास आहेत का?" तर म्हणाल्या, "नाही, घड्याळाला चारा घालतेय."

आणि घड्याळ चालायला लागलं. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. काकू जिन्यात भेटेल त्याला मनगट दाखवायच्या. "सेल नाही, किल्ली नाही. माझ्या हातावर चालतं." काका बाजूला उभे राहून गंभीरपणे मान हलवायचे.

एके दिवशी मला दुसरीकडे डोहाळजेवणाचा स्वयंपाक होता, म्हणून मी सोनवण्यांकडे पहाटेच गेले. उजाडत होतं. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी येरझारा घालत कवायत करत होतं. उजवा हात पाठीशी, डावा हात खांद्यापर्यंत वर, खाली, वर, खाली. वॉचमन स्टुलावर बसून हिशेब ठेवल्यासारखा बघत होता. जवळ गेले तर काका. आणि हातात काकूंचं घड्याळ.

"काका?"

"हळू बोला!" त्यांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. "रात्री झोपताना ती काढून देव्हाऱ्यात मूर्तीशेजारी ठेवते. तिचा हात दिवसभरात पाऊण काम करतो. पाव कमी पडतं. ते मी घालतो. उठायच्या आत परत ठेवतो."

मी कधी उलट बोलत नाही, पण तोंडातून गेलंच. "पण काका, तुम्हीच म्हणाला होतात, लबाडी नको."

काका थांबले. हात मात्र हलतच होता. "मंदाताई, चौतीस वर्षं नोकरी केली. एक खोटी सही नाही. ही एकच. आता ती खुश आहे. थांबलं तर ती परत चादर ओढून बसेल. तुम्ही बोलू नका."

मी कशाला बोलते? पण पोटात काही राहिलं की माझ्या हातून मीठ जास्त पडतं. दोन दिवस भाजी खारट झाल्यावर काकूंनी मला ओट्याशी गाठलं.

"पार्किंगमध्ये पाहिलंस ना त्यांना?"

मी मिठाचा डबा बंद केला.

"अगं, मला पहिल्या आठवड्यातच कळलं. रात्रभर काढून ठेवलेलं स्टील सकाळी गारढोण लागायला पाहिजे. हे उबदार असतं. मूर्ती काय हातात घालून झोपते?"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? डॉक्टर तीन वर्षं सांगतायत, साखर आहे, सकाळी चाला. हे गृहस्थ गेटपर्यंत जात नव्हते. आता रोज अर्धा तास चालतात." काकूंनी परात ओढली. "म्हणून तर मी रात्री काढून ठेवते. नाही तर मला काय, घालूनही झोप लागते."

मी दोघांचं गुपित पोटात घेऊन पोळ्या लाटत राहिले. मीठ आता मोजून घालत होते.

सगळं असं छान चाललेलं, तर काकांचा हर्निया निघाला. ऑपरेशन, तीन दिवस दवाखाना. काका ऐकेनात. "पुढच्या महिन्यात बघू." अमोल ओरडला, डॉक्टर ओरडले. काकांनी कुणाला कारण सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. शेवटी ते स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं.

"मंदाताई, तुम्ही तीन दिवस इथे राहणार आहात ना? पहाटे तेवढं घड्याळ फिरवाल? कोपरातून नाही, खांद्यातून. चारशे वेळा."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? माणूस ऑपरेशनला निघालेला आणि काळजी घड्याळाची.

पहिल्या पहाटे मी उठले, मूर्तीशेजारी गेले. फूल होतं, घड्याळ नव्हतं. काकूंच्या खोलीत डोकावले. त्या झोपलेल्या, घड्याळ मनगटावर. दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्याही. दिवसभर काकू एक मिनिट स्वस्थ बसल्या नाहीत. मशीनवरची चादर काढली आणि ती घडी करायला डावा हात वापरला. घडी वाकडी झाली, उलगडून पुन्हा केली. अमोलचा दवाखान्यातून फोन आला की पलीकडून काकांचा बारीक आवाज यायचा, "विचार, चालू आहे का?" आणि काकू म्हणायच्या, "त्यांना सांग, आधी स्वतःचे टाके नीट सांभाळा."

मला मात्र धाकधूक. मध्येच थांबलं तर? मी तर काहीच केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी अमोल काकांना घेऊन आला. काका सावकाश, पोट धरून आले. दारातच मला हळूच म्हणाले, "फिरवलंत ना?"

"नाही काका."

त्यांचा चेहरा पडला.

"त्यांनी काढलंच नाही हातातून. तीनही रात्री. मी हातसुद्धा लावला नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग काकूंच्या खुर्चीपाशी गेले, त्यांचं मनगट उचललं आणि कानाशी धरलं. बराच वेळ. अमोल म्हणाला, "बाबा, काटे दिसतायत की, चालू आहे." काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"चार मिनिटं मागे आहे," काकू म्हणाल्या. "शेरा काय मारायचा तो मारा."

काकांनी रजिस्टर मागितलं. मी दिलं. पेन उघडलं, पान काढलं, आणि लिहिलं काहीच नाही. रजिस्टर मिटून म्हणाले, "मंदाताई, चहा टाका." काकू दुसरीकडे बघत होत्या.

त्या रात्री मी तिथेच राहिले. पहाटे खुडबुड ऐकू आली. काका सवयीनं उठले होते. मूर्तीशेजारची जागा रिकामी. ते तिथे उभे राहिले, आपलं मोकळं मनगट चोळलं, आणि परत जाऊन हॉलमधल्या खुर्चीत बसले. आता त्यांना उठायचं कारणच उरलं नव्हतं. वर्कशॉपातून शेवटच्या दिवशी घरी आल्यावरही असेच बसले असतील, असं मला वाटलं.

काकू बाहेर आल्या. काकांसमोर उभ्या राहिल्या आणि डावा हात पुढे केला.

"काढा."

"कशाला?"

"डॉक्टरांनी तुम्हाला सावकाश चालायला सांगितलंय. याला पार्किंगमध्ये फिरवून आणा. रोज नेत होतात तसं."

काका गडबडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावून मान हलवली, मी नाही सांगितलं म्हणून.

"बघताय काय तिच्याकडे? जा. आणि लिफ्टनं जा, जिना नको. माझा हात उघडा आहे, लवकर परत आणा."

काकांनी घड्याळ काढून आपल्या मनगटात चढवलं. चपला घातल्या. दार जड आहे त्यांच्याकडचं, सोडलं की आपोआप लागतं. पण ते लागलं नाही. काका लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर काकूंनी ते धरून ठेवलं होतं, डाव्या हातानं.